कोण कुठे पाहत होतं

"हे झालं तेव्हा जवळ कोण होतं?"

"आम्ही सगळेच," वहिनी म्हणाली.

"मग पाहिलं कोणी?"

तातडीच्या विभागातला डॉक्टर वयाने वहिनीच्या मुलीएवढा, बॉबिनएवढाच असेल. त्याच्या हातात फॉर्म होता आणि फॉर्मवर एक रकाना: प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव. त्याने पेन टेकवून ठेवलं. वहिनीने दादाकडे पाहिलं, दादाने धाकटीकडे, धाकटीने फरशीकडे. पडद्याआड ताई दातांवर दात दाबून पडली होती. तिच्या उजव्या खांद्याची गोलाई गेली होती, तिथे कोपरा आला होता.

"एका खोलीत चार माणसं, आणि कोणीच पाहिलं नाही?"

"नाही," बॉबिन म्हणाली. "आमच्याकडे पाहत नाहीत."

त्याने रकाना कोरा सोडला. रकाना दोन बोटं रुंद होता. त्यात मावलं नसतं ते असं.

वहिनी, गॅसकडे

त्याच दिवशी, रविवारी, सकाळी अकरा. दुकान बंद. शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानामागे एकच लांब खोली: एका टोकाला ओटा नि गॅस, मधे टेबल, दुसऱ्या टोकाला ताईचा पलंग. बाकीचे वर राहतात. ताईने तेहतीस वर्षांत वरचा मजला पाहिलेला नाही. त्यामुळे घरात काहीही बोलायचं म्हटलं की ते ताईपासून चार पावलांवरच बोलावं लागतं.

वहिनी कमरेला पट्टा बांधून चहा टाकत होती. फ्रीजच्या दारावर तक्ता चिकटवलेला. खांद्याच्या ऑपरेशननंतरच्या बारा आठवड्यांच्या बारा रांगा, सहा खोडलेल्या. सर्जनने सांगितलं होतं ते बॉबिनने वर लाल पेनने लिहून ठेवलं होतं: उजव्या हातावर वजन नाही. स्वतःला उचलायचं नाही. खुर्ची ढकलायची नाही. चहाचा कप चालेल.

तक्त्यावर चौघांच्या पाळ्या होत्या. धाकटीच्या पाळीला धाकटी दुसऱ्या शहरात शाळा चालवत असायची, दादाच्या पाळीला दादा कुठेतरी गेट बसवत असायचा, बॉबिनच्या पाळीला दुकानात गिऱ्हाईक. उरली वहिनी. दर तीन तासांनी कूस बदल. दिवसातून चार वेळा भाड्याच्या यंत्राचा कापडी पाळणा ताईच्या खाली सरकव, हँडल मार, उचल, फिरव, खुर्चीत सोड. त्या यंत्राला घरात क्रेन म्हणायचे. नाव ताईनेच ठेवलं होतं.

"वन्सं, डावीकडे वळा," वहिनीने सकाळी म्हटलं होतं. एरवी ती ताईला ताईच म्हणायची. वन्सं म्हणाली की समजायचं, आज जपून.

"वळते. वळायला मला काय धाड भरलीय."

"पाय मी घेते. हात लावू नका."

"मला बंदरावर नोकरी लागेल आता. माल उतरवायची."

वहिनी हसली नव्हती. ताईच्या माकडहाडापाशी तिने बोट टेकवलं होतं, उचललं होतं, आणि लाल डाग पांढरा व्हायची वाट पाहिली होती. तो झाला नव्हता.

धाकटी, खिडकीकडे

धाकटीने पिशवी खाली न ठेवताच सुरुवात केली. मुख्याध्यापिका आहे, उभ्याने बोलायची सवय.

"मी बघून आलेय ते शुश्रूषा केंद्र. स्वच्छ आहे. उचलायला कायम दोन माणसं. सहा आठवडे, बास."

"उचलायला, उचलायला," ताई पलंगावरून म्हणाली. "मी काय गोणी आहे?"

"ताई, मी तुझ्याशी नाही बोलत."

"तेच म्हणतेय मी."

"चहा घे आधी," वहिनी धाकटीला म्हणाली, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. बॉबिनने मान वर करून पाहिलं. या दोघींनी एकमेकींना आपण होऊन खुर्ची दिल्याला वीस वर्षं झाली असतील. आजी गेल्यावर कपाटातल्या साड्यांवरून जे झालं त्यानंतर तर नाहीच.

"वहिनी, तूच सांग," धाकटी म्हणाली. "तुझ्या कमरेचं काय म्हणाला डॉक्टर?"

"काय म्हणणार. वाकू नका म्हणाला."

"आणि तू?"

"मी म्हटलं, बरं."

धाकटी तेरा वर्षांची होती तेव्हा ताई चोवीसची होती आणि बांधकामाच्या जिन्यावरून पडली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदा ती पलंगावरून खुर्चीत जायला निघाली तेव्हा सात माणसं तिला धरायला धावली, आणि त्या सातांच्या गर्दीतच ती खाली आली. रडली नाही. म्हणाली, "कोणी बघू नका." वडिलांनी त्याचा कायदा केला. ताईने पलंगावरून खुर्चीवर सरकायला फळी टाकली की खोलीतल्या प्रत्येकाने तोंड फिरवायचं. ती बसली, ब्रेक सोडला, खट असा आवाज आला, की मग पाहायचं.

लहान मुलं बोलायच्या आधी हे शिकली. पाहुण्यांना दंडाला धरून वळवलं जायचं. एका विमा एजंटाने अर्धी पॉलिसी कपाटाला समजावून सांगितली होती. ताई ते आठवून अजून हसते.

धाकटीला मात्र दुसरंच आठवतं. शाळेत एक मुलगी पायऱ्यांवरून घसरली आणि सगळे धावले, तेव्हा तिची, मुख्याध्यापिकेची, मान आपोआप भिंतीकडे वळली होती. ती आवाजाची वाट पाहत उभी राहिली होती. हे तिने कोणाला सांगितलेलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "तू का गप्प?"

दादा, स्वतःच्या बुटांकडे

"तिला कुठेही पाठवायचं नाही," दादा म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाली. तिने गॅस बारीक केला. "मग दांडे बसवा."



ताईच्या खुर्चीला मागे धरायला दांडे नाहीत. पहिल्या खुर्चीला होते. आल्यावर महिन्याभरात तिने दादाला बोलावून सांगितलं होतं, "मला मागून कोणी ढकललेलं चालणार नाही. काप." दादा वेल्डर. त्याने कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या. नंतरच्या चारही खुर्च्या त्याने स्वतः बनवल्या, बिनदांड्याच्या. कापलेले दोन दांडे वर्कशॉपमधे बिस्किटाच्या डब्यात ठेवले. का ठेवले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन ठरलं तेव्हाच नर्सने बजावलं होतं की तीन महिने दुसऱ्यानेच ढकलायचंय, दांडे बसवून घ्या. दादा म्हणाला होता, सोमवारी बसवतो. सहा सोमवार गेले. सहा आठवडे वहिनी खुर्चीच्या पाठीमागच्या नळीला धरून, कंबरेतून वाकून, ती ढकलत होती.

"बसवणार आहे म्हटलं ना."

"कधी?"

"उद्या. उद्या सोमवारच आहे."

पलंगावर ताईने डोळे मिटले. दादाने ते पाहिलं. तेहतीस वर्षांपूर्वी त्या जिन्याचा कठडाही सोमवारी बसणार होता. सामान आलेलं होतं, माप घेतलेलं होतं, फक्त शनिवारी मित्राबरोबर जायचं होतं म्हणून त्याने सोमवारवर टाकलं. ताई शनिवारी संध्याकाळी पडली. घरात कोणीही, कधीही, एका शब्दाने त्याला बोललं नाही. बोलले असते तर त्याला कुठेतरी ठेवता आलं असतं ते.

तिच्यासाठी त्याने आयुष्यात केलेलं एकच काम असं होतं की जे पाहून ती खुश झाली: दांडे कापले ते. तेच परत जोडायचे? वेल्डिंगचा टॉर्च हातात घ्यायचा आणि जोडायचे?

"तसं..." तो म्हणाला आणि घसा खाकरला. "तसं सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे, ताई."

धाकटी चमकली. वहिनीने चहा गाळायला घेतला. बॉबिन म्हणाली, "बाबा!"

"काय चुकीचं बोललो? तिथे दोन माणसं आहेत. सगळी सोय आहे."

"आत्ता म्हणालात कुठे पाठवायचं नाही."

"सहाच आठवडे."

बॉबिन, फ्रीजकडे

बॉबिन हे आत्याने ठेवलेलं नाव. लहानपणी गोल होती आणि एका जागी थांबायची नाही. आता बत्तीस वर्षांची आहे, दुकान दोघी मिळून चालवतात, आणि ऑपरेशन तिच्यामुळे झालंय.

अकरा वर्षं आत्याचा खांदा दुखत होता. रोज पंधरावीस वेळा अख्खं शरीर त्या दोन खांद्यांवर उचलायचं: पलंग, खुर्ची, संडास, खुर्ची, बाक, खुर्ची. आतले स्नायू सुतासारखे उसवले. इंजेक्शनं झाली, शेक झाले. बॉबिननेच चार जणांकडे कागद दाखवून पाचवा सर्जन शोधला.

तो स्पष्ट बोलला होता. "चालणाऱ्या माणसाचा खांदा नुसता लोंबतो. तुमचा खांदा म्हणजे तुमचा गुडघा आहे, कंबर आहे. मी सांधा उलटा बसवणार. गोळ्याच्या जागी वाटी, वाटीच्या जागी गोळा. बारा आठवडे सांभाळला तर टिकेल. तोवर हात मागे टेकून जोर दिलात तर निखळेल."

"उलटा?" आत्या खुश झाली होती. "उलटा बसवून चालणारं मशीन मी आजवर एकच पाहिलंय, आणि ते मी स्वतः बिघडवलं होतं."

डावा खांदाही अर्धा गेलेलाच होता. सर्जन म्हणाला, हा टिकला तर त्याला विश्रांती मिळेल. नाही टिकला तर तो एकटा पुरणार नाही. मग तुम्हाला कायम कोणीतरी उचलायला लागेल. हे वाक्य बॉबिनने लाल पेनने लिहिलं नव्हतं.

काल सहा आठवडे झाले म्हणून हात अडकवायची गळ्यातली झोळी काढली. आत्याने उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हर धरला, फिरवला, परत फिरवला. मग म्हणाली, "बॉबिन, दुखत नाही गं." अकरा वर्षांत बॉबिनने तो आवाज ऐकला नव्हता.

"मी दुकान बंद ठेवते," बॉबिन आता म्हणाली. "सहा आठवडे मीच करते सगळं."

"मुळीच नाही!" पलंगावरून आवाज आला. "कारखान्याची चौदा मशीनं पडलीयेत."

"पडू देत."

"पडू देत म्हणते! गिऱ्हाईक परत येत नसतं."

"तू एकटी क्रेन मारणार, एकटी कूस बदलणार?" धाकटी म्हणाली. "रात्रीचे तीन, सकाळचे सहा?"

"हो."

"बॉबिन," वहिनी म्हणाली. आवाज खाली होता, तरी चार पावलांवर काय खाली. "तिच्या माकडहाडापाशी डाग आहे. शुक्रवारी दोन बोटं होता. आज तीन. मी कुठेतरी चुकतेय. थकलेय म्हणून चुकतेय. तो फुटला तर सहा महिने पालथी पडून राहील ती. तुला जमेल?"

"मला का नाही सांगितलं?" हे ताई.

"सांगून काय करणार होतात, वन्सं? तुम्हाला दिसत नाही, लागत नाही."

बॉबिनने टेबलावरचा चमचा सरळ केला. वहिनीने चहा पुढे सरकवला. सगळे तिच्याकडे पाहत होते, पलंगावरूनही. आई, बाबा, धाकटी आत्या एका बाजूला झाले होते, आणि असं या घरात यापूर्वी झालं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली. "सहाच आठवडे."

ताई

"झालं? ठराव पास?"

वहिनीने कप गोळा केले.

"मला दुकानात जायचंय."

"थांब, क्रेन लावतो," दादा म्हणाला, पण उठला नाही. बुटाची नाडी सुटली होती, तिच्याकडे पाहत राहिला.

ताईला दुकानात जायचं होतं इतकंच. चौदा मशीनं, तेलाचा वास, कमरेएवढा बाक, आणि मधलं दार लोटून घेता येतं. क्रेन म्हणजे वहिनी येणार, पाळणा सरकवणार, पाय हवेत, आणि खाली सगळ्यांचे चेहरे, ज्यांनी आत्ताच हात वर केले. त्यापेक्षा. खुर्ची पलंगाला लागूनच होती. सकाळी वहिनीने ब्रेक लावून ठेवली होती. डावा हात उशीमागे गेला. फळी सहा आठवडे तिथेच होती, कोणी हलवली नव्हती, ताईच्या वस्तूला हात लावायचा नाही हाही कायदाच होता. फळी गादीवरून घासत खुर्चीवर गेली.

लाकडाचा आवाज झाला.

वहिनी गॅसकडे वळली. धाकटी खिडकीकडे. दादा होता तसाच, बुटांकडे. बॉबिन फ्रीजकडे.

हात आपले आपण जागेवर गेले होते. डावा पुढे, खुर्चीच्या बैठकीच्या कडेवर. उजवा मागे, मुठीने, गादीवर. तेहतीस वर्षं, रोज वीस वेळा. मन त्यात नव्हतंच. आणि मग आलं. उजव्या मुठीखाली गादी दबली तेव्हा तिला आठवलं. सर्जनचं वाक्य आठवलं, लाल अक्षरं दिसली, दिसली म्हणजे खरंच दिसली, समोरच फ्रीजवर होती, बॉबिनच्या डोक्याच्या वर.

तेव्हा तिने मान वर केली.

एक जण. एका जणाने जरी पाहिलं असतं. दादाने नाही तर नाही, बॉबिनने. वहिनीने. ओरडायचीसुद्धा गरज नव्हती. नुसते डोळे दिसले असते तर ती शिवी घालून परत उशीला टेकली असती. कोणी तरी तिला अडवायला बघतंय, एवढं पुरलं असतं.

चार पाठी. एकदम नीट, शिकवल्यासारख्या. बॉबिनच्या मानेवर केसांची एक बट सुटलेली.

किती छान शिकवलंय मी यांना, असं तिच्या मनात आलं, आणि तिने जोर दिला.

दुखलं नाही, हे आधी. शरीर उचललं गेलं, हलकं, चोवीसाव्या वर्षासारखं. फळीच्या मध्यावर उजव्या खांद्यात काहीतरी शांतपणे जागा सोडून गेलं.

चौघं खट आवाजाची वाट पाहत राहिले. बॉबिनने पुढे सांगितलं की तिने आठपर्यंत आकडे मोजले. तिला वाटलं होतं आत्या डाव्याच हाताने जातेय. वहिनीने सांगितलं, मला काही वाटलंच नाही, मान वळली. धाकटीने काही सांगितलं नाही. आठव्या आकड्याला खट आलं नाही. फळी फरशीवर पडली, आणि तिच्यामागून ताई.

सोमवार

सांधा रविवारीच भूल देऊन बसवला होता. सोमवारी सकाळी सर्जन स्वतः आला आणि त्याने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. हाडाला तडा होता, आतली बैठक हलली होती.

"परत उघडता येईल," तो म्हणाला. "जेवायला, केस विंचरायला हात राहील."

"आणि उचलायला?"

"नाही."

"बारा आठवड्यांनी?"

"नाही." तो थांबला. "कधीच नाही, असं समजा."

ताईने डाव्या हाताकडे पाहिलं. सर्जननेही पाहिलं.

"आत्या, मीच तुला..." बॉबिनने सुरुवात केली.

"गप. चौदा मशीनांचं काय केलंस?"

"रात्रभर बसले. नऊ झाली."

"मग इथे काय करतेस?"

त्या शुश्रूषा केंद्राचा विषय परत निघाला नाही. सहा आठवड्यांसाठी त्यांनी जागा ठेवली असती. कायमच्यासाठी वाट पाहणाऱ्यांची यादी होती. धाकटीने तो कागद पिशवीत मागे मागे सारला आणि वहिनीच्या शेजारी बाकावर बसून राहिली. वहिनीचा पट्टा सैल झाला होता, धाकटीने तो घट्ट करून दिला.

दादा दुपारी आला. खुर्ची घेऊन आला. वॉर्डच्या दारात नर्सने त्याला अडवलं, कारण त्याच्या शर्टाला जळक्याचा वास येत होता आणि डोळे वेल्डिंग बघितल्यासारखे लाल होते. त्याने चष्मा न लावताच काम केलं होतं. ते दोन दांडे, डब्यातले. गंज काढलेला होता, जोड उघडा होता, रंग द्यायलाही तो थांबला नव्हता.

ताईने खुर्ची पाहिली. पुढून मागे, मागून पुढे. कामगाराचं काम तपासतात तशी.

"जोड बरा आहे," ती म्हणाली.

दादाने मान हलवली.

"सोमवार कोणता हा?"

"सातवा."

"सातवा नाही. जिन्यापासून मोज," ताई म्हणाली. तेहतीस वर्षांत हे घरात कोणी म्हटलं नव्हतं. दादा उभाच राहिला. तो बसला असता तर परत उठला नसता.

वॉर्डमधलं यंत्र मोठं होतं, विजेवर चालणारं. दोन कर्मचाऱ्यांनी ताईखाली पाळणा सरकवला, कड्या अडकवल्या, बटण दाबलं. ती वर जायला लागली. हात छातीशी बांधलेला, पाय लोंबते, एक मोजा अर्धा निघालेला.

वहिनी दाराकडे वळली. धाकटी खिडकीकडे, दादा बुटांकडे, बॉबिन भिंतीकडे.

"इकडे बघा," ताई वरून म्हणाली.

कर्मचारी थांबले. यंत्रही थांबलं.

"तुम्ही नाही हो. हे चौघं. बघा म्हणतेय ना. बघा!"

त्यांनी पाहिलं. आधी बॉबिनने, मग वहिनीने. धाकटीला सर्वात जास्त वेळ लागला. ताई कापडात गोळा होऊन टांगली होती, हळूहळू गोल फिरत होती, आणि फिरता फिरता तिचा चेहरा एकेकाच्या समोर येऊन पुढे जात होता. तिला जमलं असतं तर तिने स्वतःच तोंड फिरवलं असतं.

"मोजा निघालाय," ती म्हणाली. वहिनीने पुढे होऊन मोजा वर ओढला.

मग तिला खुर्चीत सोडलं. डाव्या हाताने तिने ब्रेक सोडला. खट. त्या आवाजाची या वेळी कोणी वाट पाहत नव्हतं.

खुर्ची जागेवरच राहिली. मागे पावलं वाजली, थांबली. ताईला मान वळवता येत नव्हती.

"मागे कोण आहे?"

दांड्यांवर कोणाचे तरी हात ठेवल्याचं तिला पाठीत कळलं.

"मी," दादा म्हणाला.

समोर वॉर्डचा लांब रस्ता होता, दोन्ही बाजूंना खाटा, सगळ्या खाटांवरून लोक पाहत होते.

"ढकल," ताई म्हणाली.